कॉलेज निवडताना खाशाबांना विचारा

बारावीचा निकाल लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच प्रश्न फिरायला लागतात. सीएचएम की आरकेटी? बदलापुरात आदर्शलाच राहायचं की सरळ ठाणे-मुंबई गाठायची? कटऑफ कितीला क्लोज होईल? स्टेशनपासून चालत किती वेळ? ज्यांनी शाळेपासून कबड्डी, खो-खो, कुस्ती, ज्युदो, धावणं असं काहीतरी मनापासून केलंय, त्यांचा आणखी एक प्रश्न असतो. स्पोर्ट्स कोटा आहे का? आहे असं कळलं की बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. फॉर्म भरला, सर्टिफिकेटं जोडली, विषय मिटला.

पण कोट्यातून आत गेल्यावर पुढची तीन-चार वर्षं ते कॉलेज आपल्या खेळासाठी नेमकं काय करणार, हे कोण विचारतं? अ‍ॅडमिशन मिळवून देणं आणि खेळाडू घडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घ्यायचा तर एका कॉलेजकुमाराची गोष्ट नीट वाचायला हवी. हा कॉलेजकुमार पुढे स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेता झाला. खाशाबा दादासाहेब जाधव.

नाव सगळ्यांना माहीत असतं. हेलसिंकी, १९५२, कुस्ती, ब्राँझ एवढं जनरल नॉलेजच्या पुस्तकात असतंच. त्यांच्या आयुष्यातला कॉलेजचा भाग मात्र आपण पटकन ओलांडून जातो, आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामाचा भाग तोच आहे.

गोळेश्वर ते कोल्हापूर

मुंबईहून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याण सोडते आणि आपल्याच तिन्ही स्टेशनांमधून कर्जतकडे निघते. पुढे पुणे, सातारा ओलांडून कराड येतं. या कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांमध्ये खाशाबा धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळे पहिले डाव वडिलांकडूनच शिकले. आठ वर्षांच्या वयात त्यांनी त्या भागातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत हरवलं होतं, असं गावाकडे अजून सांगतात. उंची बेताची, अंगकाठीही फार भरदार नाही. ताकदीपेक्षा चपळाई आणि डोकं यांवर त्यांची कुस्ती चालायची. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याचं डोकं पकडीत घेऊन त्याला उचलून आपटायचं, आणि हे सगळं इतक्या झटक्यात की समोरच्याला कळायच्या आत पाठ जमिनीला.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचं शिक्षण झालं. ते दिवस स्वातंत्र्य चळवळीचे होते. १९४२ च्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटलेला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, चिठ्ठ्या पोचवणं अशी कामं विद्यार्थीदशेतल्या खाशाबांनीही केली. शाळा संपल्यावर ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजमध्ये दाखल झाले.

कुस्तीसाठी कोल्हापूरपेक्षा चांगली जागा तेव्हा महाराष्ट्रात शोधूनही सापडली नसती. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्यामुळे त्या शहरात पेठापेठांतून तालमी होत्या. १९१२ मध्ये सुरू झालेलं खासबाग मैदान होतं, जिथे हजारो माणसं कुस्ती बघायला बसायची. वस्ताद होते, जोडीला लढायला तोडीचे मल्ल होते, आणि पैलवान म्हटलं की मान देणारं गाव होतं. कॉलेज निवडताना कॅम्पसच्या गेटाबाहेर काय आहे, हेही बघायचं असतं, ते यासाठी. कॉलेजची जिमखान्याची खोली छोटी असेल, पण चालत जाण्याच्या अंतरावर चांगली तालीम किंवा क्लब असेल, तर खेळाडूचं भागतं. उलट कॅम्पस चकाचक असेल आणि आजूबाजूला सरावाला जोडीदारच नसेल, तर एकटा किती दिवस घाम गाळणार?

जिमखान्याच्या दारातला नकार

राजाराम कॉलेजात गेल्यावर खाशाबांचं लगेच स्वागत झालं, असं मात्र नाही. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धा आल्या. खाशाबांनी कुस्तीत नाव द्यायचं ठरवलं. क्रीडाशिक्षकांनी त्यांची लहानखुरी अंगकाठी पाहिली आणि नाव घ्यायला नकार दिला. हा पोरगा कुणाशी लढणार, असा एकूण सूर होता. खाशाबा गप्प बसले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली. मग स्पर्धेत त्यांनी आपल्यापेक्षा अंगापिंडाने मोठ्या आणि अनुभवी मल्लांना एकामागून एक पाडलं.

हा प्रसंग खाशाबांवरच्या लेखांमध्ये बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून येतो. ती आहेच. पण कॉलेज निवडणाऱ्या विद्यार्थ्याने तो जरा वेगळ्या नजरेनेही वाचावा. एकाच कॉलेजात एका माणसाने दार लावलं आणि दुसऱ्याने उघडलं. प्राचार्यांपर्यंत विद्यार्थी पोचू शकत होता आणि प्राचार्य निर्णय फिरवू शकत होते, म्हणून पुढचं सगळं घडलं. आज कॉलेजात टीम निवडताना ट्रायल खरोखर घेतात का, की नावं आधीच ठरलेली असतात? ट्रायलची तारीख नोटीस बोर्डवर लागते का? अन्याय झाला तर जायचं कुणाकडे? हे प्रश्न कॉलेजच्या माहितीपत्रकात कधीच सापडत नाहीत. ते तिथे शिकणाऱ्या खेळाडूंनाच विचारावे लागतात.

माती आणि मॅट

१९४८ चं ऑलिम्पिक लंडनला झालं. खाशाबांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च उचलला. गोळेश्वरचा मुलगा कॉलेजमार्गे थेट लंडनला पोचला.

तिथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. खाशाबांची सगळी कुस्ती लाल मातीतली. मातीत पाय रुततो, पकड वेगळी बसते, कुस्ती निकाली होईपर्यंत चालते. ऑलिम्पिकची कुस्ती गादीवर, म्हणजे मॅटवर. तिथे पाय सरकतो, वेळ ठरलेली असते, गुण मोजले जातात आणि नियमांचं वेगळंच पुस्तक असतं. मॅटवरच्या कुस्तीची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची खाशाबांना सवयच नव्हती. लंडनमध्ये अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना थोडं मार्गदर्शन केलं. तेवढ्या जोरावर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते हरले आणि स्पर्धेतून बाहेर पडले. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. वैयक्तिक खेळात तोवर कुठल्याही भारतीयाने स्वतंत्र देशाच्या झेंड्याखाली एवढी मजल मारली नव्हती.

जरा विचार करा. थोड्या दिवसांच्या योग्य कोचिंगने सहावा क्रमांक. मग मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम जाणणारा प्रशिक्षक कोल्हापुरात आधीपासून मिळाला असता तर काय झालं असतं?

हा प्रश्न आज जुना झालेला नाही. आपल्याकडे गल्लीतल्या मंडळाची कबड्डी मातीवर होते आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर. शाळेत मातीच्या ग्राउंडवर धावलेली मुलगी युनिव्हर्सिटीच्या मीटला सिंथेटिक ट्रॅकवर पहिल्यांदाच पाय ठेवते, तेव्हा तिचं अर्धं लक्ष पायाखाली असतं. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा ज्या पृष्ठभागावर स्पर्धा होते, त्यावर सराव करायला मिळतो का, हे बघा. कॉलेजकडे स्वतःचा मॅट किंवा ट्रॅक नसेल तर सरावासाठी दुसरीकडे घेऊन जातात का, ते विचारा. शिकवणारा माणूस तुमच्या खेळातला आहे का, हेही महत्त्वाचं. एकच सर बुद्धिबळापासून बॉक्सिंगपर्यंत सगळ्याचे कोच असतील, तर ते मॅनेजर आहेत, कोच नाहीत. मॅनेजरही लागतोच, पण त्याने ढाक शिकवता येत नाही.

एका गुणाने

लंडनहून आल्यावर पुढची चार वर्षं खाशाबांनी ऑलिम्पिक डोळ्यांसमोर ठेवून सराव केला. वजनगट बदलला. फ्लायवेट सोडून ते बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोच्या गटात आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची निवड जवळ आली तेव्हा मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एक गुण कमी मिळाला आणि संघातली जागा हुकली. हा निकाल पक्षपाती असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. कॉलेजात प्राचार्यांकडे गेले होते, तसे या वेळी ते थेट पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांच्यापर्यंत पोचले. महाराज तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांना कुस्तीची आवडही होती. पुन्हा लढत ठेवली गेली. खाशाबांनी बंगालच्या निरंजन दासला हरवलं आणि हेलसिंकीचं तिकीट पक्कं केलं.

पक्कं म्हणजे फक्त निवडीचं. खऱ्या तिकिटाचे पैसे कुठे होते?

प्राचार्यांचं घर

१९५२ मध्ये ऑलिम्पिकला निवड झाली म्हणून सरकार सगळा खर्च करेल, अशी परिस्थिती नव्हती. खेळाडूने बराचसा पैसा स्वतः उभा करायचा. सरकारदरबारी विनंत्या करूनही पुरेशी मदत मिळाली नाही. खाशाबा आणि त्यांचे घरचे लोक गावोगाव वर्गणीसाठी फिरले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी जमेल तसे पैसे दिले. तरी रक्कम अपुरीच पडली.

तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याला दिले.

त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती, हे एवढ्यावरूनच कळतं की त्यासाठी घर गहाण ठेवावं लागलं. विद्यार्थी पदक आणेल याची खात्री कुणालाच नव्हती. हरून आला असता तर पेपरात दोन ओळीही आल्या नसत्या आणि घर मात्र गेलं असतं. तरी त्यांनी ते केलं.

आपण हे वाचतो आणि भारावून जातो. साहजिक आहे. कॉलेजच्या प्रत्येक स्पोर्ट्स डेच्या भाषणात ही गोष्ट येते. पण भारावून झाल्यावर एक कोरडा प्रश्न विचारायलाच हवा. एका देशाचा ऑलिम्पिक खेळाडू जर एका प्राचार्याच्या मोठेपणावर अवलंबून असेल, तर ते मोठे प्राचार्य नसलेल्या कॉलेजांतल्या खाशाबांचं काय झालं असेल? किती जणांची नावं वर्गणीच्या वहीतच राहून गेली असतील? खर्डेकरांसारखा माणूस मिळणं हे नशीब आहे. कॉलेज निवडताना आपल्याला नशीब तपासता येत नाही. व्यवस्था मात्र तपासता येते. जिमखान्याची फी आपण सगळेच भरतो. तिचा पैसा खेळाडूच्या प्रवासाला, किटला, खाण्याला पोचतो का? आंतरविद्यापीठ स्पर्धेला दुसऱ्या राज्यात जायचं झालं तर रिझर्व्हेशन कोण काढतं, भत्ता आधी मिळतो की बिलं लावून सहा महिन्यांनी? गेल्या वर्षी खेळलेल्या दोन-तीन सिनियरना विचारलं की खरं काय ते दहा मिनिटांत कळतं.

हेलसिंकी

जुलै १९५२. हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइल गटात अनेक देशांचे मल्ल उतरले होते. खाशाबांनी कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग गाठ पडली जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव या दोघांशी.

इथे जे घडलं ते खेळाडूने नीट लक्षात ठेवावं. एका लांबलेल्या, दमवून टाकणाऱ्या कुस्तीनंतर खाशाबांना लगेच मम्मदबेयोवविरुद्ध मॅटवर यायला सांगण्यात आलं. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. हा नियम दाखवून हरकत घेणारा भारताचा कुणीही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगाने उतरले आणि हरले. इशीने सुवर्ण जिंकलं. जपानला त्या ऑलिम्पिकमध्ये मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना ब्राँझ. फेदरवेट गटात महाराष्ट्राचेच केशव मांगवे चौथे आले, त्यांचं पदक थोडक्यात हुकलं.

भारताला हेलसिंकीतून दोनच पदकं मिळाली. एक हॉकी संघाचं सुवर्ण आणि दुसरं खाशाबांचं ब्राँझ. अर्धा तास विश्रांती मिळाली असती तर ब्राँझचा रंग बदलला असता का, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. पण खेळाडूच्या बाजूने बोलणारा, नियम माहीत असलेला एक माणूस मैदानाच्या कडेला असणं किती मोलाचं असतं, हे यातून स्पष्ट दिसतं. कॉलेजच्या टीमबरोबर स्पर्धेला कोण येतं? सर सोबत असतात, की कॅप्टनच्या हातात ओळखपत्रांचा गठ्ठा देऊन मुलांना पाठवून देतात? मुलींच्या टीमबरोबर बाई असतात का? दुखापत झाली तर हॉस्पिटलपर्यंत कोण येतं? ही चौकशी करायला लाज वाटायचं काही कारण नाही.

कर्ज फेडलं

पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनवर माणसांचा समुद्र होता. शंभराहून जास्त बैलगाड्या सजवून गावकऱ्यांनी मिरवणूक काढली. स्टेशनवरून गोळेश्वरला एरवी जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ त्या दिवशी लागला. ढोल-ताशे, फटाके, गुलाल सगळं होतं.

त्यानंतर खाशाबांनी जे पहिलं महत्त्वाचं काम केलं, ते म्हणजे कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. त्यात ते स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचं घर सोडवलं. पदक छातीवर मिरवण्याआधी त्यांना कॉलेजचं देणं फेडायचं होतं.

पदकानंतरची ३२ वर्षं

ऑलिम्पिक पदक मिळालं म्हणजे आयुष्य मार्गी लागलं, असं आज वाटू शकतं. बक्षिसं, नोकरी, जाहिराती. खाशाबांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. १९५५ मध्ये ते मुंबई पोलिसात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्यातल्या स्पर्धा जिंकल्या, पोलिसांना खेळाचं प्रशिक्षण दिलं. त्याच पदावर वर्षानुवर्षं राहिले. सेवा संपायच्या थोडंच आधी सहायक पोलिस आयुक्तपद मिळालं. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं आणि अखेरची वर्षं हलाखीत गेली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल रिलेत त्यांना सहभागी करून घेतलं, तेवढाच काय तो मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

मान मिळाला तो नंतर. राज्याचा छत्रपती पुरस्कार मरणोत्तर, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी ४४ वर्षं थांबावं लागलं, १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये ते मिळवलं. कुस्तीतलं पुढचं पदक सुशीलकुमारने २००८ मध्ये आणलं. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला तब्बल ७२ वर्षं लागली. पॅरिसमध्ये २०२४ साली नेमबाज स्वप्नील कुसाळेने ब्राँझ जिंकलं.

स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्याचा, कांबळवाडी गावचा. पण दोघांच्या वाटेतला फरक बघण्यासारखा आहे. स्वप्नील राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, म्हणजे लहान वयातच त्याच्या खेळातलं प्रशिक्षण त्याला मिळालं. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी मिळाली, म्हणजे हातात पगार होता. दीपाली देशपांडे यांच्यासारख्या माजी ऑलिम्पियन नेमबाज प्रशिक्षक होत्या. ज्या मध्य रेल्वेच्या लोकलला आपण रोज लटकतो, तिच्याच कर्मचाऱ्याने खाशाबांनंतरचं ते पदक आणलं. कष्ट दोघांचेही तेवढेच. पण पॅरिसला जाण्यासाठी कुणाला घर गहाण ठेवावं लागलं नाही.

मग आपल्या कॉलेजचं काय?

आपल्या पट्ट्यातल्या खेळाडूला आणखी एक गणित सोडवावं लागतं, ते लोकलचं. बदलापूर ते सीएसएमटी ७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूने सव्वा तासाच्या वर. मुंबईतलं नावाजलेलं कॉलेज मिळालं, तिथला सकाळचा सराव सहाला सुरू होत असेल, तर घरातून किती वाजता निघायचं? संध्याकाळचा सराव संपवून कर्जत लोकलच्या गर्दीतून घरी पोचल्यावर अभ्यास कधी आणि झोप कधी? शरीराला विश्रांती मिळाली नाही तर चांगला कोचही काही करू शकत नाही. त्यापेक्षा घराजवळचं कॉलेज आणि गावातला चांगला क्लब किंवा आखाडा अशी जोडी जमते का, ते आधी पाहावं. कॉलेज अधिक तालीम, हे खाशाबांचं कोल्हापूरचं गणित इथेही लागू पडतं. लांबचं कॉलेज घ्यायचंच असेल तर होस्टेल आहे का, सरावाची वेळ बदलून मिळते का, हे विचारूनच घ्यावं. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कुठल्याही कॉलेजातून खेळलात तरी विद्यापीठाच्या संघासाठीची दारं उघडी असतात आणि तिथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा असा पुढचा रस्ता आहे. त्यामुळे कॉलेजचं नाव किती मोठं यापेक्षा तिथून तुम्हाला प्रत्यक्ष किती स्पर्धा खेळायला मिळणार, याला जास्त किंमत आहे.

ट्रॉफ्यांनी भरलेलं काचेचं कपाट बघून हुरळून जाऊ नका. ट्रॉफीवरचं साल वाचा. १५ वर्षांपूर्वीची असेल तर ती जिंकणारे आता कामाला लागलेत आणि त्यांचे सर कदाचित रिटायर झालेत. गेल्या दोन-तीन वर्षांत कॉलेजमधून विद्यापीठाच्या संघात कोण गेलं, ते विचारा. स्पर्धा आणि परीक्षा एकाच दिवशी आल्या तर परीक्षा पुन्हा घेतात का, हजेरी धरतात का, ते ऑफिसात जाऊन विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी स्वरूपात बघा. ग्राउंडवर सकाळी सातला जाऊन उभे राहा. तिथे कुणी सराव करतंय का, की ग्राउंड वर्षातून एकदा स्पोर्ट्स डेलाच उघडतं? मुलींनी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह स्वतः बघून घ्यावं. आणि कोर्स नीट निवडा. खेळ थांबला, गुडघा दुखावला, तर पुढे हातात काय असेल? महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी आणि पदाला लागणारं शिक्षण दोन्ही लागतं. ऑलिम्पिक पदक असलेल्या माणसाची पदकानंतरची ३२ वर्षं कशी गेली, हे आपण वर वाचलंच. डिग्रीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

एवढं सगळं विचारलं तर कॉलेजवाले वैतागतील, अशी भीती वाटू शकते. काही वैतागतीलही. पण लहान चणीच्या खाशाबांना जिमखान्याच्या दारातून परत पाठवलं, तेव्हा ते मुकाट्याने वर्गात जाऊन बसले असते, तर राजाराम कॉलेजच्या कुणालाच त्यांचं नाव आठवलं नसतं. त्यांनी प्राचार्यांच्या खोलीचं दार वाजवलं. फॉर्म भरायच्या आधी आपल्यालाही एवढं करायला हरकत नाही.